साडेसोळा फुटांची पाणंद

आमच्या गावच्या वेशीपासून निघून, ओढा ओलांडून माळाला लागणारी जी वाट आहे तिला आम्ही पाणंद म्हणतो. विदर्भात हिलाच पांदण म्हणतात. अलीकडे शहरातून शिबिराला येणाऱ्या शाळेच्या पोरांसाठी तिचं ‘नेचर ट्रेल’ असं नवं बारसं झालंय. नाव वाईट नाही. पण जिचा पहिला फर्लांगभर तुकडा आमच्या लहानपणी नाक दाबून, खाली बघत ओलांडावा लागायचा, तिच्या तोंडाशी उभं राहून बाई मुलांना म्हणाल्या, “आता सगळ्यांनी मोठा श्वास घ्या,” तेव्हा पारावर बसलेल्या आमच्या पिढीतल्या दोघातिघांना हसू आवरलं नाही.

वाट जेमतेम सव्वा कोसाची. रमतगमत गेलं तरी दीड तासात माळ येतो. पण कडेला उभं असलेलं एकेक झाड, एकेक झुडूप कुठून आलं, कोणी लावलं, कोणाच्या कामाचं होतं, असं विचारत निघालं तर दोनशे वर्षं पायाखालून जातात. शाळेत आम्हाला इतिहास शिकवला तो पानिपताचा आणि प्लासीचा. हा इतिहास तलाठ्याच्या कपाटात आहे, म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे आणि बराचसा कुंपणाच्या काट्यांत आहे.

कपाटापासून सुरुवात करू. आमचा तालुका इंदापूर. जमीन महसुलाच्या इतिहासात हे नाव वारंवार येतं, कारण मुंबई इलाख्यातली नवी जमीन मोजणी पहिल्यांदा इथंच झाली. पेशवाई गेल्यावर इंग्रजांच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं पुणे जिल्ह्याची मोजणी करून सारा ठरवला होता. कागदावर तो फार शास्त्रशुद्ध होता. रानात त्याचा निभाव लागला नाही. सारा जड झाला, पाऊस बेभरवशाचा, लोक जमिनी टाकून परागंदा झाले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी 1836 साली इंदापुरात नवी आकारणी लागू केली आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड, गावचा नकाशा हे जे सगळं आपण आज जन्मापासून असल्यासारखं धरून चालतो, ते त्या खटाटोपातून वाढत गेलं.

मोजणी व्हायची साखळीनं. साखळी 33 फुटांची, तिचे भाग सोळा, त्यांना नाव आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. आपल्या गुंठ्याचे 1,089 चौरस फूट हे विचित्र वाटणारं माप आलं ते या 33 ला 33 नं गुणून. गावनकाशावर गाडीमार्ग दाखवतात दोन तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेनं. पायमार्गाची रुंदी धरतात 8.25 फूट, गाडीमार्गाची 16.5 ते 21 फूट. साडेसोळा म्हणजे बरोबर अर्धी साखळी, सव्वाआठ म्हणजे पाव. आमची पाणंद नकाशावर दोन तुटक रेषांची आहे. म्हणजे कमीत कमी अर्ध्या साखळीवर तिचा हक्क आहे. मी पोरवयात पाहिली तेव्हा समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्या एकमेकीला घासत का होईना पण निघायच्या. पुढं पुढं एका बैलाला वाट मिळणंही मुश्कील झालं. ती कशी आटली ते येईलच.

वेशीबाहेर पडलं की डाव्या हाताला भीमनगर. माझ्या आजीच्या तोंडी तो महारवाडाच होता. गावाची शिव आणि शिवेचे दगड राखणं हे महारांच्या वतनी कामांपैकी एक. शिवेचा तंटा पडला की त्यांची साक्ष मोठी मानत. कोणत्या बाभळीच्या बुडाशी दगड पुरलाय, कोणत्या पुरात ओढा किती सरकला, हे पिढ्यान् पिढ्या त्यांनी डोक्यात ठेवायचं आणि बदल्यात मिळायची हाडोळ्याची जमीन आणि बलुत्याची भाकरी. 1915 साली आलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’त ही सगळी रीत तपशिलानं वाचायला मिळते. या राबणुकीतून सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं होतं. वतनं प्रत्यक्ष गेली ती 1958 च्या कायद्यानं.

पाणंदीची सरकारी मोजणी झाली त्या दिवशी हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मोजणीदाराचं यंत्र तिपाईवर चढलं होतं, पण सुरुवातीचा जुना दगड काही सापडेना. शेवटी भीमनगरातल्या एका म्हाताऱ्या बाबांना हाताला धरून आणलं. ते काठी टेकत आले, लिंबाकडं बघितलं, ओढ्याकडं बघितलं आणि वीसेक पावलं मोजून म्हणाले, “हितं उकरा.” दीड हात खाली दगड निघाला. सगळ्यांनी वाहवा केली, कोणीतरी चहा सांगितला. बाबा दगडावर हात ठेवून म्हणाले, “माज्या बापानं दावल्याला. आमी समद्या गावाची शिव राखली बाबांनो, पन ह्या वाटंला आमचं रान कुठं हाय?” त्यांच्या हाडोळ्याचे दोन तुकडे पाणंदीच्या टोकाला होते. ते केव्हाच दुसऱ्याच्या नावावर चढलेत. चहा आला, पण थोडा वेळ कोणी बोललं नाही.

वस्ती मागं पडली की पूर्वी दोन्ही बाजूंना कुंपण सुरू व्हायचं. पुरुषभर उंचीचं, आणि इतकं दाट की पलीकडचा माणूस नुसता आवाजावरून ओळखायचा. आजचे पाहुणे याला झाडोरा म्हणतात. आमच्या जुन्या लोकांना तो कोठार होता. तरवडाची पिवळी फुलं बघून मुलं फोटो काढतात. गावाला फुलाशी देणंघेणं नव्हतं, साल हवी असायची. तरवडाच्या सालीत कातडं कमवायचं, त्या कातड्याची मोट शिवायची. केकताड, ज्याला पुस्तकात घायपात म्हणतात, त्याची पानं कुजवून, बडवून वाख काढायचा आणि मातंग वस्तीतली माणसं त्याचा मोटेचा नाडा, कासरा, दावी वळायची. बाभळीची नांगर-कुळवाची आऊतं. म्हणजे विहिरीतून पाणी वर येण्यासाठी जे जे लागायचं, त्यातलं निम्मं या पाणंदीच्या कडेला उभं असायचं. कुंपण कोणाचं, असा प्रश्न कोणी विचारत नसे. कारण ते वापरणारी माणसं बहुतेक बिनजमिनीची होती आणि जमीनवाल्याला त्यांच्या हातची मोट आणि नाडा हवा होता.

यातलं केकताड मूळचं मेक्सिकोचं, हे ऐकलं की गावात अजून कोणी विश्वास ठेवत नाही. रेल्वेच्या दुतर्फा कुंपण म्हणून ते ठिकठिकाणी लावलं गेलं, शेताच्या बांधांवर रुजलं आणि बघता बघता बलुत्यात सामील झालं. सीताफळही तिकडचंच, अमेरिका खंडातलं. आमच्या पाणंदीत अस्सल इथलं म्हणावं असं हिवर, बोर, बाभूळ, लिंब, तरवड, हेकळ. बाकीचे पाहुणे. पण पाहुण्यांतही फरक असतो. काही कामाला लागतात, काही नुसते बसून खातात.

फड्या निवडुंगाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. आजीच्या लहानपणी म्हणे आमच्या पाणंदीत निवडुंगाच्या भिंती होत्या. तोही परदेशी, अमेरिकेतलाच. साप, मुंगूस, चोर, सगळ्यांना त्याचा आसरा. पोरं लालभडक बोंडं काठीनं पाडून, मातीत घोळून, काटे काढून खायची आणि रंगलेली तोंडं घेऊन घरी मार खायची. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाचं देऊळ आहे. आमच्या तालुक्यातून पुढं सराटीला नीरा ओलांडून अकलूजकडं जाणारी तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती तिथंच. मूर्ती निवडुंगात सापडली म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. विठोबा सापडावा इतका निवडुंग एकेकाळी पुण्यातसुद्धा होता, एवढाच यातला मुद्दा.

मग तो गेला कुठं? आजी सांगायची, “निवडुंगाला कापूस धरल्यावानी पांढरं काय तरी आलं. चिमटीत चिरडलं की रगात. दोन उन्हाळ्यांत समदा निवडुंग बसला.” लहानपणी मला ही भुताखेताची गोष्ट वाटायची. पुढं कळलं की ते पांढरं म्हणजे कोचिनील जातीचा किडा. निवडुंग शेतं गिळायला लागला म्हणून सरकारनं 1926 साली तो श्रीलंकेतून मुद्दाम आणून दक्षिण हिंदुस्थानात सोडला आणि त्यानं बघता बघता निवडुंगाचा फडशा पाडला. त्याच्याही सव्वाशेहून जास्त वर्षं आधी ईस्ट इंडिया कंपनीनं लाल रंगाच्या धंद्यासाठी त्याचाच एक भाऊबंद ब्राझीलहून आणला होता. रंगाचा धंदा काही जमला नाही, पण त्यानंही निवडुंगाची एक जात खाऊन टाकली होती. आजीनं पाहिलेलं ‘रगात’ एका कंपनीच्या आणि पुढं सरकारच्या हिशेबातलं होतं. गावाला कोणी काही सांगितलं नव्हतं. आमच्याकडं म्हणायचे, देवीचा कोप झाला.

निवडुंग बसला आणि त्या मोकळ्या जागेत घाणेरी शिरली. तीही अशीच, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत फुलांच्या हौशीनं आणलेली. आणि गाजरगवत तर माझ्या डोळ्यांदेखत आलं. गाव त्याला अजून काँग्रेस म्हणतं. अमेरिकेच्या मिलो-गव्हातून ते आलं, अशी सर्वांची खात्री. तो गव्हाचा करार 1956 चा आणि पुण्यात या गवताची नोंद झाली तीही 1955-56 च्याच सुमारास, तेव्हा तारखांचा मेळ काही नीट बसत नाही. पण रेशनच्या रांगेत उभं राहून मिलोच्या लाल भाकरी खाल्लेल्या माणसांना तारखा सांगून उपयोग नसतो. अंगाला खाज सुटली की कोणावर तरी राग काढावाच लागतो.

पाणंदीच्या मध्यावर कालव्याची पोटचारी आडवी येते. नीरा डावा कालवा 1885 चा. भाटघरच्या धरणाचं पाणी त्यातून येतं. पाणी आलं तशी आमच्या भागाची चाल बदलली. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस आला, वालचंदनगरला खाजगी कारखाना झाला, पुढं सहकारी कारखाने झाले. उसाला गुंठा न् गुंठा हवा असतो. तोवर विहिरींवर आधी इंजिनं बसली, मग विजेच्या मोटारी. मोट गेली. मोट गेली तसं तरवडाच्या सालीला आणि केकताडाच्या वाखाला विचारणारं कोणी उरलं नाही. कुंपणाचे धनी म्हणावेत असे तेच होते. ते हटल्यावर कुंपण एकदम बेवारस झालं.

मग सुरू झाली ती नांगरट. एका दिवसात कोणी पाणंद गिळली नाही. दर साली एक तास, बस. ट्रॅक्टरवाला फाळ जरा बाहेर घ्यायचा, पुढच्या साली आणखी जरा. दोन्ही बाजूंनी वीतवीत करत पंचवीस-तीस वर्षांत साडेसोळा फुटांची पाच फुटं झाली, काही ठिकाणी तीन. त्यात एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि ‘जुना नकाशा आता चालत नाही’ अशी एक सोयीस्कर समजूत गावात पसरली. अतिक्रमण करणाऱ्यांत परका कोणी नव्हता. आमच्या भावकीतलेच दोघं त्यात होते आणि त्यांतल्या एकाच्या बांधावर मी लहानपणी हुरडा खाल्लाय.

याचं सोसावं लागलं ते आतल्या रानवाल्यांना. ऊस तुटला की मोळ्या डोक्यावर आणायच्या, कारण गाडी आत जात नाही. पावसाळ्यात तर काळ्या रानात पाय गुडघ्यापर्यंत. एका वर्षी वस्तीवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला बाजेवर घालून चौघांनी ओढ्यातून आणलं. बाळ-बाळंतीण वाचली, पण त्या चौघांपैकी एकानं दुसऱ्या दिवशी तहसिलात जाऊन अर्ज दिला. वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढायला 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे आणि ज्याला वाटच नाही त्याला बांधावरून वाट मागायला जमीन महसूल संहितेचं कलम 143. गावात या दोन आकड्यांचं ज्ञान आता शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं आहे. तारखा पडत राहिल्या. स्थळपाहणीच्या दिवशी सगळे एकमेकांच्या घरी चहा घेत आणि रानात आल्यावर एकमेकांकडं बघत नसत.

पोटचारी ओलांडून जरा पुढं ओढा. करंज, उंबर, कडेला विहीर आणि तिच्यावर वाकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे. शाळेची पोरं इथं हमखास थांबतात. ओढ्याच्या पलीकडं पाणंद चढायला लागते, माती तांबूस होते, झाडं बुटकी होतात आणि मग अचानक माळ. कुसळी, पवन्या, मारवेल. मधूनच एखादा हिवर. आमच्या तालुक्यात कडबनवाडीच्या बाजूला असल्या माळावर अजून चिंकारे दिसतात, लांडगा आहे, खोकड आहे, पायांवर भुर्रकन पळणारा धाविक आहे. सरकारी कागदात मात्र माळ म्हणजे पडीक. इंग्रजांना तिथून सारा येत नव्हता म्हणून पडीक, पुढच्यांना तिथं झाडं दिसत नव्हती म्हणून पडीक. मग चर खणून सुबाभूळ, गिरिपुष्प लावायची. धनगराची मेंढरं आणि लांडगा दोघंही ज्या गवतावर जगले त्याला कोणी पीक म्हणालं नाही. माझ्या मते झाडं लावण्याच्या पुण्याखाली आपण जेवढं गवत मारलंय तेवढं गुरांनीही खाल्लं नसेल. माळाच्या उताराला 1972 च्या दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे. त्याच्या दगडांवर आमच्या आयांचे हात उठलेले आहेत. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी पदरात बांधून घरी यायची.

आता सध्याचं. पाणंद रस्त्यांसाठी सरकारची योजना 2021 साली नव्यानं आली, मातोश्रींच्या नावाची. अर्ज, मोजणी, संमतिपत्रं सगळं होऊन आमच्या पाणंदीचा नंबर लागला. बाबांनी दाखवलेल्या दगडापासून फक्की टाकली आणि जेसीबी आला. दोन दिवसांत अर्धी साखळी परत मिळाली. भावकीतल्या दोघांचा ऊस चार-चार सऱ्या आत सरकला. आतल्या वस्तीवर पहिल्यांदा ट्रॅक्टर गेला तेव्हा बायकांनी त्याच्या चाकावर नारळ फोडला. या रस्त्याच्या विरोधात मी एक शब्द बोलणार नाही. ती बाज मी स्वतः बघितली आहे.

पण जेसीबीला तरवड आणि अतिक्रमण यांतला फरक कळत नाही. उरलंसुरलं कुंपण, हेकळ, बोरी, सीताफळी, केकताडाचे शेवटचे दोन गड्डे, सगळं एका बाजूला लोटून ढीग केला आणि पेटवला. नकाशावर दोन तुटक रेषा आहेत, त्यांच्यामध्ये काय उगवावं हे नकाशा सांगत नाही. मी सरपंचांना म्हटलं, एका अंगाचं तरी ठेवता आलं असतं, रुंदी कुठं कमी पडत होती? ते म्हणाले, “मास्तर, अंदाजपत्रकात झुडपं काढणे असं लिहिलंय. ठेवणे असं कुठं न्हाई.” उत्तर खरं होतं.

या पाणंदीवर जगणारं शेवटचं माणूस म्हणजे शेळ्या राखणाऱ्या एक मावशी. गुंठाभर रान नाही, पाच-सहा शेळ्या, त्यावर दोन लेकींची लग्नं केली. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, हिवराच्या शेंगा. त्यांच्या शेळ्यांचं वर्षाचं वेळापत्रक या कडांवर लिहिलेलं होतं. मोटेबरोबर कातडंवाले गेले, नाडेवाले गेले, पण शेळी टिकली होती. ढीग पेटला त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “रस्ता झाला त्ये लय ब्येस झालं मास्तर. पन माज्या शेरडांनी काय आता मुरूम खायाचा का?” त्यातल्या दोन शेळ्या त्यांनी त्या बाजाराला विकल्या. उरलेल्या घेऊन त्या आता रोज ओढ्यापलीकडं जातात.

कारण काम ओढ्यापाशी थांबलंय. मोरीच्या नळ्यांचा निधी यायचा आहे, आणि पलीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकरणीनं संमतिपत्रावर अंगठा दिला तो अट घालून. तिच्या बांधाला पाच हिवर आहेत; पैकी दोन फक्कीच्या आत येतात. “माप माझ्याकडनं घ्या,” ती म्हणते, “आतल्या अंगानं चार फूट सोडते. पन हिवर तोडायचं न्हाईत, त्ये माज्या सासऱ्यानं राखल्यात.” असं माप धरता येतं का, हे विचारणारं पत्र तालुक्याला गेलंय. तोवर ओढ्यापासून माळापर्यंतची पाणंद जुनीच आहे, दोन्ही अंगांनी काटेरी, एका गाडीपुरती. पावसात तिकडं जायचं तर चपला हातात घ्याव्या लागतात.